चाराऐवजी तीन खेपा

तोंडात पाना, डावा हात खांबाला, उजव्या हाताने पेटीचे बोल्ट सोडवत होतो (ते मीच इतके घट्ट बसवले होते की आता मलाच शिव्या बसत होत्या), तेवढ्यात हिने खाली दारात उभं राहून तुमचं पत्र मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तुम्ही माझं अभिनंदन केलं आहे. प्रात्यक्षिक आज आहे हे तुमच्या लक्षात होतं आणि टपालाला उशीर होऊ नये म्हणून तुम्ही अभिनंदन आठवडाभर आधीच पाठवून दिलंत. ते वेळेवर पोचलं. आज वेळेवर आणि जसाच्या तसा पोचलेला हा एकच निरोप.

तीर्थरूप मामा, नमस्कार. खांबावरून वाकता येत नव्हतं, तेव्हा पायापर्यंत पोचलो असं धरून चाला. तुमची पाठ कशी आहे? औषधवाल्याने दिलेला पट्टा तुम्ही झोपताना काढून ठेवता की झोपतानाच बांधता हे पत्रातून नीट कळलं नाही. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे ताप वगैरे नाही. माझ्या तळहातांची सालं गेली आहेत आणि हिचं बोलणं धारदार झालं आहे, पण ते तुम्ही स्थळ दाखवलंत तेव्हाही होतं. तुम्ही त्याला तेव्हा हजरजबाबीपणा म्हणाला होतात. तुम्ही आणखीही एक गोष्ट म्हणाला होतात, ती मला आज दिवसभर आठवत होती. तुम्ही म्हणालात, घर चांगलं आहे, दोघे भाऊ एकमेकांना विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. मामा, हे खरं आहे. एकाला बाटल्यांचा कारखाना मिळाला आणि दुसऱ्याला झाकणांचा, तर विचारल्याशिवाय दोघं करणार काय?

वाटणी झाली तेव्हा पंचांनी न्याय केला. थोरल्याला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, भट्टी आणि बाटल्यांचे साचे. धाकट्याला, म्हणजे हिच्या काकांना, झाकणांची यंत्रं. औषधाच्या बाटल्या आहेत, आट्याचं झाकण फिरवून बसवायचं. बाटलीच्या तोंडाचं माप या बाजूला ठरतं आणि झाकणाचे आटे त्या बाजूला पडतात, आणि मधे टेकडी. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. फोनची रेंज दोन्ही खोऱ्यांत नाही. तार होती ती वाटणीच्या वेळी बरोबर मधोमध कापली (अर्धी अर्धी तार दोघांनी गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, मी पाहिली आहे). म्हणून टेकडीच्या माथ्यावर एक खोली, खोलीवर खांब, खांबावर रेडिओची पेटी, आणि पेटीखाली जावई. दोन्ही कारखान्यांच्या भिंतींवर तशीच एकेक पेटी. या पेट्यांना एकमेकींचं काही दिसत नाही, दोघींना फक्त मी दिसतो. शिक्षण वायरलेस नेटवर्कचं आहे म्हटल्यावर सासऱ्यांनी मला लग्नात मिळालेली वस्तू म्हणून माथ्यावर बसवलं. खोली एकच आहे. खिडक्या दोन. एका खिडकीतून हिच्या वडिलांचं धुराडं दिसतं, दुसरीतून हिच्या काकांचं छप्पर. पाणी वर चढवावं लागतं. इथून बाहेर पडायची एक वाट होती आणि ती मास्तरांच्या हातात होती.

मास्तर म्हणजे माझे मार्गदर्शक. तुम्ही त्यांना लग्नात पाहिलंत, ते ध्वनिवर्धकाजवळ उभं राहून त्याची दिशा चुकली आहे असं सांगत होते ते. त्यांच्या संस्थेत एक जागा निघाली. उमेदवार दोन, मी आणि माझ्याच वर्गातला एक, ज्याला आम्ही गुळगुळीत म्हणायचो. गुळगुळीतने आयुष्यात खांब पाहिलेला नाही. त्याचं सगळं नेटवर्क संगणकाच्या आत असतं, तिथे वारा नसतो, मुंग्या नसतात आणि कोणाला काका नसतात. मास्तर म्हणाले, तुझी पद्धत खऱ्या ठिकाणी, खऱ्या वापरात चालताना दाखव, जागा तुझी. मी म्हटलं, याहून खरं ठिकाण तुम्हाला मिळणार नाही. हिने त्याच दिवशी भांड्यांचं खोकं रिकामं करून ठेवलं, बांधाबांध करायला. ते खोकं तेव्हापासून दाराशी आहे आणि मला रोज त्याला वळसा घालून जावं लागतं.

पद्धत तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही पत्रात तिला 'ते तुझं मशीन' असं म्हटलं आहे आणि ती मशीन नाही. हवा एक आहे, तिच्यात एका वेळी एकानेच बोलायचं. सासऱ्यांचा निरोप माझ्याकडे येतो, ही एक खेप. मी तो काकांकडे पाठवतो, दोन. काकांचा माझ्याकडे, तीन. मी तो सासऱ्यांकडे, चार. दोघांचा एकमेकांवर विश्वास नसल्याने मालाच्या प्रत्येक पेटाऱ्याचा चारी बाजूंनी फोटो जातो, त्यामुळे हवा सकाळपासून भरून जायची आणि दुपारी निघालेलं माप संध्याकाळी पोचायचं. आता बघा. मी दोघांचे निरोप माझ्याकडे येऊ देतो, त्या झाल्या दोन खेपा. मग ते एकमेकांत मिसळतो, बेरीज केल्यासारखे, आणि ते मिश्रण एकदाच मोठ्याने सोडतो. माझा आवाज दोन्ही खोऱ्यांत जातो. सासऱ्यांची पेटी त्या मिश्रणातून आपला स्वतःचा निरोप वजा करते, उरतो तो काकांचा. काकांची पेटी आपला वजा करते, उरतो तो सासऱ्यांचा. चाराऐवजी तीन खेपा. याला नेटवर्क कोडिंग म्हणतात, ते मी शोधलेलं नाही, पण कोणता निरोप कोणाबरोबर मिसळायचा आणि कोणत्या वाटेने पाठवायचा म्हणजे जास्तीत जास्त फायदा होईल, हे ठरवण्याची रीत माझी आहे. अट एकच. ज्याने त्याने आपण काय बोललो ते मिश्रण येईपर्यंत लक्षात ठेवायचं. पेटी ते ठेवते, थोडा वेळ. मी ही अट हिला सांगितली तेव्हा ही भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बाबांना स्वतः काय बोलले ते लक्षात ठेवायला लावणार आहेस? तू पदवी परत देऊन ये." मी तिला समजावून सांगितलं की माणसाने नाही, पेटीने ठेवायचं आहे. "पेटी कोणाची?" असं विचारून ती आत गेली. तुम्ही म्हणता तो हजरजबाबीपणा.

पद्धत सुरू केली. पहिले दिवस अप्रतिम चाललं, मामा. मी खोलीत बसून खेपा मोजत होतो आणि मला माझाच हेवा वाटत होता. मग मी एक मूर्खपणा केला, तो म्हणजे ज्यांच्यासाठी हे करतो त्यांना ते समजावून सांगितलं. सासऱ्यांकडे जेवायला बसलो होतो. मी मिश्रण या शब्दापाशी आलो आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे आमचं आणि त्याचं तुम्ही एकत्र करता?"

मी म्हटलं, क्षणभरच.

"जावईबापू, आम्ही विहिरीत भिंत घातली आहे." (घातली आहे. पाण्यापर्यंत नाही, त्याच्याही खाली.) "आणि तुम्ही हवेत एकत्र करता."

सासूबाई म्हणाल्या, "अहो, वेगळं होतं ना नंतर. तो सांगतोय ना, वजा होतं म्हणून."

"वजा कोण होतं? मी की तो?"

मी म्हटलं, तुमच्याकडे तुम्ही वजा होता, त्यांच्याकडे ते होतात. हे उत्तर गणिताच्या दृष्टीने निर्दोष होतं. त्यानंतर सासूबाईंनी गरम वाढलं तरी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी हात धुताना त्यांनी एवढंच विचारलं, की आपण जे बोललो ते पेटीत किती वेळ राहतं. थोडा वेळ, मी म्हटलं. कोणी ते काढून वाचू शकतं का? मी म्हटलं, ठरवलंच तर काढता येईल. इथे मला थांबायला हवं होतं. वाटणीच्या वेळी काकांनी पंचांसमोर यांचाच एक जुना निरोप वाचून दाखवला होता, त्यात यांनी भट्टी अर्धी द्यायचं कबूल केलं होतं म्हणे, आणि तेव्हापासून सासरे बोललेल्या शब्दाची प्रत कुठेही राहू देत नाहीत. हे मला माहीत होतं. पण मी तेव्हा अचूक उत्तर देण्याच्या नादात होतो, आणि अचूक उत्तर देणारा माणूस बाकी काही ऐकत नाही.

एकाला सांगितलं तर दुसऱ्याला सांगायला हवं, म्हणून काकांकडे गेलो. काका शांतपणे ऐकतात, ते जास्त भयंकर. त्यांनी एकच शंका काढली. दादाचे निरोप लांब असतात, माझे आखूड, मग बेरीज कशी जमते? शंका चांगली होती, मास्तरांच्या विद्यार्थ्यांनाही सुचत नाही. मी खूश होऊन सांगितलं की आखूड निरोपाच्या शेवटी शून्यं लावून तो लांबाएवढा करतात.

"माझ्या बोलण्याला शून्यं लावता," काका म्हणाले. प्रश्न नव्हता.

"फक्त लांबीसाठी."

"आणि दादाच्या?"

"त्यांना लागत नाहीत."

काकांनी चष्मा पुसला. "वाटणीतही असंच झालं होतं," ते म्हणाले आणि मला चहा दिला. चहा मी प्यायलो. तोही पुढे माझ्या विरुद्ध मोजला गेला असणार.

दुसऱ्या दिवसापासून काकांचे निरोप लांब झाले. तोवर त्यांचं लिहिणं म्हणजे 'माप मिळाले. आटे पाडतो.' एवढंच. आता त्यात हवामान आलं, लाकडाचा भाव आला, कामगाराच्या मुलीच्या परीक्षेचा निकाल आला. शून्यांचं मीच सासऱ्यांच्याही कानावर घातलं होतं, त्यामुळे त्यांच्या लक्षात आलं की आता ती आपल्याला लागत असणार. त्यांनी कारकुनाला बसवून मजकूर वाढवायला घेतला. दोघेही भरपूर बोलू लागले. वाटणीनंतर एवढं ते कधी बोलले नव्हते, आणि बोलायचं काही नसताना नुसती लांबी भरायला बोलत होते. माझी वाचलेली चौथी खेप या गप्पांनी कधीच खाऊन टाकली होती. मी कुरकुरलो तर ही म्हणाली, "भांडत नाहीयेत तेवढं तरी बघ." तिने तेव्हा त्या रिकाम्या खोक्यात दोन पातेली ठेवलीसुद्धा होती.

मग सासऱ्यांची पेटी बिघडली. म्हणजे मला तसं वाटलं. तिच्याकडून निरोप यायचे, नीट यायचे, पण मी पाठवलेलं मिश्रण तिला पोचलं याची पोच येईनाशी झाली. काही उलगडलं नाही तर पेटीने 'कळलं नाही' असं म्हणायचं आणि मग मी निरोप न मिसळता साधा पाठवायचा, ही सोय मी केली होती. पण ती 'कळलं नाही' असंही म्हणेना. मी खांबावर चढलो. मुंग्या सापडल्या, काढल्या. दिशा बदलली. एका झाडाची फांदी आड येत होती ती तोडली (झाड सामाईक निघालं; दोन्हीकडून विचारणा झाली, ती अर्थात माझ्यामार्फत). खाली जाऊन सासऱ्यांना विचारलं, तुमची पेटी ठीक चालतेय ना? "उत्तम," ते म्हणाले. काकांना विचारलं, तुम्हाला दादांचे निरोप मिळतात? "मिळतात," काका म्हणाले. दोघंही खरं बोलत होते. दोघांनीही पुढचं वाक्य गिळलं. सासरे हे सांगणार नव्हते की भावाने अबोला धरला आहे आणि तिकडून अक्षर येत नाही. काका हे सांगणार नव्हते की आपण लिहितो आणि दादा त्याला उत्तर देत नाही. भावाने आपल्याला विचारलं नाही हे जावयासमोर कोण कबूल करील? मी पुन्हा खांबावर.

आज मास्तर आले. घाटाच्या वळणांनी त्यांना ओकारी आली होती, ते आधी हिच्या खाटेवर आडवे झाले आणि आडवे पडूनच म्हणाले, "सुरू कर." त्यांनी आपलं मोजणीचं यंत्र पोटावर ठेवलं. ठरलेल्या वेळी दोन्हीकडून निरोप आले, लांबलचक. मिसळले, सोडले. काकांकडून पोच आली. सासऱ्यांकडून काही नाही. पुन्हा. पुन्हा तेच. मास्तर उठून बसले. त्यांच्या तोंडाला चव नसावी, चेहरा तसाच होता. ते म्हणाले, "ती पेटी बंद असते."

"मामा लोकांची पेटी कशाला बंद असेल?" मी म्हटलं. (क्षमा करा, मी घाबरून तुमचं नाव घेतलं, मला सासरे म्हणायचं होतं.)

"निरोप पाठवते तेव्हा चालू असते. मिश्रण येतं तेव्हा बंद असते. मग परत चालू होते, आणि चालू झाल्यावर आपल्याला काही कळलं नाही हेच तिला माहीत नसतं. चल, खाली जाऊन बघू."

सासऱ्यांच्या कचेरीत भिंतीवर पेटी, पेटीखाली स्टूल, स्टुलावर वायरमन. वायरमनचा हात बटणावर. कारकून निरोप पाठवायचा आणि मान हलवायचा, वायरमन बटण बंद करायचा, पेटीचा दिवा जायचा, मग बटण चालू. त्यासाठी त्याला भट्टीवरून काढून इथे बसवला होता आणि तो आपलं काम मन लावून करत होता. सासऱ्यांनी मास्तरांना खुर्ची दिली आणि स्वतः उभं राहून दाखवलं, नवीन घेतलेली गाडी दाखवावी तसं. "शब्द गेला की पुसला. आता काढा म्हणावं कोणाला माझा निरोप. आमच्या जावयाच्या शास्त्रात एवढंच राहून गेलं होतं, ते मी पुरं केलं."

मास्तरांनी विचारलं, "आणि समोरून काय येतं?"

"समोरून काय येणार? आमचा भाऊ आहे तो. हे बटण बसवलं त्या दिवसापासून चिडीचूप आहे. झोंबलं असणार."

मामा, मी भिंतीला टेकलो. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही की काही नाही, ते फक्त म्हणाले, दुसरी बाजू बघू. त्यांना तोवर यात रस आला होता, आणि ज्याची नोकरी जात असते त्याच्या खेरीज सगळ्यांना अशा वेळी रस येतो.

काकांकडे सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी आलेलं आणि गेलेलं दोन्ही कारकुनाकडून छापून घेऊन ओळीने लावलं होतं. ते मास्तरांना म्हणाले की तुमची पद्धत चांगली आहे, ऐकू येतं, पण उत्तर येत नाही, आणि त्याचा दोष मी पद्धतीला देत नाही. मी वाचायला मागितलं. सासऱ्यांचा एक निरोप होता, बाटलीच्या तोंडाच्या मापानंतर लांबी भरायला लिहिलेला. त्यात भट्टीच्या विटा होत्या, मांजराची पिल्लं होती आणि मग 'तुझे गुडघे आता कसे आहेत? जिना चढू नकोस.' असं होतं. त्यावर काकांनी लिहिलं होतं. ते बराच वेळ लिहीत बसले असणार, कारण त्यात खाडाखोड करून सोडलेली वाक्यंही कारकुनाने तशीच पाठवली होती. गुडघे गेले. मुलगा या धंद्यात येणार नाही म्हणतो. झाकणांची यंत्रं तुझ्या छपराखाली आणू या का, एका बाजूला मला बसायला खुर्ची दे, हिशोब तूच बघ. विहिरीतल्या भिंतीचं काय करायचं ते पुढे बघू.

"दादाने विचारलं म्हणून मी लिहिलं," काका म्हणाले. "नसतं विचारलं तर नसतं लिहिलं."

आता हे काम पेटीचं नव्हतं. मी मास्तरांना तिथेच चहावर सोडलं आणि टेकडी ओलांडून धावत सासऱ्यांकडे गेलो. मला वाटलं, अजून सगळंच सुटेल. भाऊ एक होतील, मधली खोलीच लागणार नाही, मास्तर म्हणतील की याच्या पद्धतीने दोन घरं जोडली. मी धापा टाकत काकांचं म्हणणं शब्दशः सांगितलं. सासरे खाली बसले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, मला वाटलं आता उठून चपला घालतील. मग त्यांनी विचारलं,

"हे तो आपण होऊन म्हणाला?"

"नाही. तुम्ही गुडघ्यांची चौकशी केलीत, त्यावर."

"मी?"

"तुम्ही. जिना चढू नकोस असंही लिहिलंत."

"शक्य नाही," सासरे म्हणाले. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने जमिनीकडे पाहिलं. "दाखवा मला. कुठे लिहिलंय?"

वायरमन स्टुलावरून म्हणाला की ते पुसलं आहे. त्याला शाबासकी अपेक्षित होती.

मी म्हटलं, काकांकडे ते आहे. "त्याच्याकडे असणारच," सासरे म्हणाले. "मागच्या वेळीही त्याच्याकडेच होतं." आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा परत नेहमीचा झाला, मला तो होताना दिसत होता. "तुम्हीच जेवताना सांगितलंत ना, की आमचं आणि त्याचं मिसळता? मग झालं. त्याचं काहीतरी माझ्या तोंडी आलं. त्यालाच स्वतःच्या गुडघ्यांचं पडलंय, ते शब्द त्याचेच. वजाबाकीत राहिले असतील." मी सांगितलं की वजाबाकीत असं काही राहत नाही, एक अक्षर चुकलं तर अख्खा निरोप कचरा होतो, गोड चौकशी होत नाही. ते म्हणाले, "तुम्ही मधे बसता, तुम्हाला काय कळणार."

काकांना हे कळायला वेळ लागला नाही. मीच सांगितलं, आता मधलं म्हणून दुसरं कोण होतं? मी बराच सौम्य करून सांगितलं. म्हटलं, दादांना आठवत नाही. काकांनी ती छापील पानं नीट एकावर एक ठेवली. "म्हणजे गुडघ्यांचं दादाने विचारलं नव्हतं," ते म्हणाले. मी म्हटलं, विचारलं होतं, मी स्वतः वाचलं. "दादा नाही म्हणतोय ना? मग नाही. ते तुमच्या मिश्रणात तयार झालं." इतक्या वर्षांत दोघा भावांचं एका मुद्द्यावर एकमत झालं, ते हे.

मास्तर गाडीत बसताना म्हणाले की पद्धत बरोबर आहे. तीन खेपाच लागतात, त्यांनी मोजल्या. पण समिती विचारील, चालली का? तर नाही चालली. मी म्हटलं, सर, दोन्ही टोकांनी आपापलं बोलणं लक्षात ठेवलं असतं तर चालली असती. "मग तशी टोकं शोध," ते म्हणाले, "आणि सापडली तर मला कळव, मला घरी एक बसवायचं आहे." जागा गुळगुळीतला जाईल. त्याच्या नेटवर्कमध्ये माणसं नाहीत, म्हणून ते पहिल्या दिवसापासून चालतं. मास्तर वळणाआड गेले आणि मी पेटी उतरवायला वर चढलो. मग ही दारात आली आणि तुमचं अभिनंदन वाचू लागली.

हिने ते शेवटपर्यंत वाचलं, तुमच्या सहीसकट. मग म्हणाली, "मी शाळेत असताना हेच काम करायचे. बाबांचं काकाला, काकाचं बाबांना. वाईट तेवढं वाटेत टाकून द्यायचे." मी म्हटलं, मग चांगलं काय उरायचं? "काही नाही. म्हणून तर घरात शांतता होती."

कळावे म्हणण्यासारखं आता काही उरलं नाही. पाठ जपा.

तुमचा भाचा

ता. क. स्थळ तुम्ही शोधलंत म्हणून मी हे सगळं तुम्हाला लिहिलं, असं समजू नका. दोष द्यायचा असता तर हिच्या आत्याला लिहिलं असतं, तिनेच तुम्हाला सांगितलं होतं.

ता. क. २. ही म्हणते, वर जे लिहिलंय त्यात वडिलांवर फार ठपका आहे. ती म्हणते, बाबा जिना चढू नकोस म्हणाले ते खरंच म्हणाले असणार. ते लहानपणापासून काकाला तेच सांगतात. तिला हे आता आठवलं. मी म्हटलं, मघाशी तिकडे जाऊन सांगितलं असतंस तर? "कोणाला?" ती म्हणाली.

ता. क. ३. पत्र लिहिण्याचं मूळ कारण राहूनच गेलं. तुमच्या घरातली वरची खोली रिकामी आहे असं मागे कधीतरी तुम्ही लिहिलं होतंत. आम्हाला ती हवी आहे, काम मिळेपर्यंत. सामान थोडं आहे, बरंचसं खोक्यात आहे. फक्त एक आधी कळवा. तुमच्या दोन्ही पत्रांत मामींबद्दल एक अक्षर नाही, आणि त्यांच्या पत्रात तुमच्याबद्दल नाही. तुम्ही दोघं सध्या बोलता ना? ती खोली तुमच्या आणि मामींच्या खोल्यांच्या मधे येत असेल, तर आम्ही दुसरीकडे बघतो.

सकाळ. पत्र टपालात टाकायचं राहिलं होतं म्हणून एवढं जोडतो. उजाडल्यावर सासऱ्यांचा वायरमन या बाजूने चढून आला, खोली मोकळी करा म्हणून निरोप घेऊन. तो दारात उभा असतानाच काकांचा माणूस त्या बाजूने आला, खोली मोकळी करा म्हणून निरोप घेऊन. हिने दोघांना पायरीवर बसवून चहा दिला. दोघांनी मिळून खाट खाली उतरवली.